जॉब गुपचूप बंद पडतो आणि लॉग कोरा: गिळलेली एक्सेप्शन्स स्टॅटिक अ‍ॅनालिसिसने कशी शोधायची

ही तक्रार जावाच्या बॅकएंड टीममध्ये फिरून फिरून येते, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. लक्षणं साधारण अशी. दर दहा मिनिटांनी चालणारा जॉब काही दिवस नीट चालतो आणि मग एकदम थांबतो, सर्व्हिस चालू आहे, हेल्थ चेक हिरवा, सीपीयू मेमरी सगळं ठीक, लॉगमध्ये एरर शोधलं तर एक ओळ नाही, आणि रिस्टार्ट मारला की परत सुरू. किंवा जॉब थांबत नाही पण आलेल्या फाइलमधल्या काही ओळी टेबलात पोचतच नाहीत आणि अकाउंट्सवाले महिनाअखेरीला विचारायला येतात. किंवा लॉग आहे पण त्यात "प्रोसेसिंग एरर: नल" एवढंच लिहिलंय, कुठल्या क्लासमध्ये, कुठल्या ओळीवर, काही पत्ता नाही. तिन्हीचं मूळ एकच, कोणीतरी मध्येच एक्सेप्शन (चालू प्रोग्रॅमने कळवलेली चूक) गिळलंय, म्हणजे पकडून कोणालाच कळवलेलं नाही. आणि हे दरवेळी प्रोडक्शनवर रात्री जागून शोधायची गरज नसते, बरंचसं कोड न चालवता, नुसता वाचून टूल सांगू शकतं, यालाच स्टॅटिक अ‍ॅनालिसिस म्हणतात.

पण आधी एक विनंती, रिस्टार्ट मारण्याआधी थ्रेड डंप घ्या, म्हणजे प्रत्येक थ्रेड त्या क्षणी काय करतोय त्याची नोंद. जावाबरोबर येणाऱ्या जेस्टॅक या टूलला प्रोसेस आयडी द्यायचा, एका मिनिटाचं काम आहे. पहिल्या प्रकारात तुम्हाला दिसेल की शेड्यूलरचा थ्रेड मेलेला नाही, तो शांतपणे वेटिंग स्टेटमध्ये आहे आणि स्टॅकमध्ये डिलेडवर्कक्यूच्या टेक मेथडवर पार्क झालाय. म्हणजे अडकला नाही, डेडलॉक नाही, त्याला पुढचं काम मिळतच नाहीये. हे दिसलं की अर्धा तपास झाला, डेटाबेसवाल्यांना आणि नेटवर्कवाल्यांना उठवायचं कारण उरत नाही.

नेमकं होतं काय

समजा जावाच्या शेड्यूल्डएक्झिक्युटरसर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वेळाने काम चालवणाऱ्या सोयीवर, शेड्यूलअ‍ॅटफिक्स्डरेट लावलंय. रन मेथड फाइल वाचते, रकमेचा रकाना घेते, त्याचा बिगडेसिमल बनवते. एके दिवशी समोरच्या सिस्टिमने रक्कम "१,२५,०००" अशी स्वल्पविरामासकट पाठवली. बिगडेसिमलचा कन्स्ट्रक्टर स्वल्पविराम घेत नाही, नंबरफॉरमॅटएक्सेप्शन फेकतो. हे अनचेक्ड, म्हणजे पकडायची सक्ती नसलेलं, असल्यामुळे कंपायलरने कधी कोणाला टोकलेलं नसतं. ते रन मेथडच्या बाहेर पडतं, आतला फ्यूचर, म्हणजे कामाचा निकाल ठेवणारा ऑब्जेक्ट, ते पकडून स्वतःपाशी ठेवतो, त्या फ्यूचरवर गेट कोणी कॉल करत नाही त्यामुळे ते कोणालाच दिसत नाही, आणि जावाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय तसं, एका फेरीत एक्सेप्शन आलं की पुढच्या सगळ्या फेऱ्या रद्द. थ्रेड जिवंत, जॉब गेला.

इथे एक गोष्ट आधीच तपासून घ्या. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचं शेड्यूल्ड अ‍ॅनोटेशन वापरत असाल तर हे असं होत नाही, तिथे डिफॉल्ट एरर हँडलर एक्सेप्शन लॉग करतो आणि पुढची फेरी चालू ठेवतो. त्यामुळे "आमच्याकडे तर थांबत नाही" म्हणणारा आणि "आमच्याकडे थांबतो" म्हणणारा दोघंही खरं बोलत असतात, एकाच प्रोजेक्टमध्ये दोन्ही पद्धती असतील तर तर विचारूच नका.

आता हा प्रॉब्लेम परत परत का येतो ते बघा, कारण खरी मेख तिथेच आहे. पहिल्यांदा जॉब थांबला की कोणीतरी घाईत रन मेथडचं सगळं अंग ट्रायमध्ये घालतं आणि खाली कॅच एक्सेप्शन, आत काही नाही किंवा एक लॉगची ओळ. जॉब आता थांबत नाही, टिकेट बंद. पण हे म्हणजे एमसीबी सारखा पडतोय म्हणून त्याला दोरीने वर बांधून ठेवण्यासारखं आहे. स्वल्पविरामवाली ओळ आता सुद्धा फेल होतेच, फक्त तिच्यामुळे फाइलच्या त्या ओळीपासून पुढचं सगळं राहून जातं आणि ते कळत नाही. मग दुसरा माणूस ट्राय-कॅच लूपच्या आत नेतो, म्हणजे एकच ओळ सुटेल, तेही ठीक वाटतं, पण मेथडवर ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनोटेशन असतं, म्हणजे मेथड सुखरूप संपली की तिने डेटाबेसात लिहिलेलं सगळं एकत्र पक्कं (कमिट) होतं. त्या ओळीसाठी हेडर टेबलात इन्सर्ट झालेलं असतं, डिटेल टेबलाच्या आधी एक्सेप्शन आलं, कॅचने ते गिळलं, मेथड सुखरूप संपली असं स्प्रिंगला वाटलं, ट्रान्झॅक्शन कमिट. हेडर आहे, डिटेल नाही. प्रत्येक फिक्सने बग एक पायरी खोल ढकलला आणि दरवेळी शोधायला आधीपेक्षा अवघड केला. एकच बग तीन वेगवेगळ्या टिकेटांवर, तीन वेगवेगळ्या नावांनी.

म्हणून नुसतं "रिकामे कॅच शोधा" पुरत नाही. तरीपण सुरुवात तिथूनच करायची.

सोप्या गोष्टी आधी पकडा

सगळ्यात फुकटची गोष्ट म्हणजे कंपायलर. जावासीला एक्सलिंटमध्ये फायनली हा पर्याय द्या, फायनली ब्लॉकमधून रिटर्न करणारा कोड असेल तर तो वॉर्निंग देतो. हे छोटं वाटतं पण फायनलीमधला रिटर्न हा फार वाईट प्रकार आहे, ट्रायमधून एक्सेप्शन बाहेर पडत असताना फायनलीने रिटर्न केलं की ते एक्सेप्शन हवेत विरतं, कॅचसुद्धा नाही, लॉगसुद्धा नाही, कोडमध्ये कॅच शब्द शोधणाऱ्याला ते कधीच सापडणार नाही.

मग पीएमडी हे टूल. हे सोर्स कोड वाचून त्याचं झाड बनवतं आणि त्या झाडावर नियम चालवतं, कंपाइल न होणाऱ्या जुन्या मॉड्यूलवर सुद्धा बहुतेकदा चालतं, म्हणून लेगसी प्रोजेक्टमध्ये पहिल्या दिवशी मी हेच लावतो. रूलसेट मोठा घेऊ नका, आपला स्वतःचा छोटासा लिहा: एम्प्टीकॅचब्लॉक, प्रिझर्व्हस्टॅकट्रेस, रिटर्नफ्रॉमफायनलीब्लॉक, अव्हॉइडप्रिंटस्टॅकट्रेस, अव्हॉइडकॅचिंगजेनेरिकएक्सेप्शन. यातला प्रिझर्व्हस्टॅकट्रेस मला सगळ्यात उपयोगी वाटतो. कॅचमध्ये नवीन एक्सेप्शन फेकलं पण मूळचं त्याला कॉज म्हणून दिलं नाही, हे तो पकडतो. अशा ठिकाणी एक्सेप्शन गिळलेलं नसतं, वर पोचतं, पण त्याची जन्मखूण पुसलेली असते, लॉगमध्ये तुमच्याच सर्व्हिसएक्सेप्शनचा स्टॅकट्रेस दिसतो आणि खालचा खरा एसक्यूएलएक्सेप्शन गायब.

एम्प्टीकॅचब्लॉकमध्ये दोन सेटिंग माहीत हवीत. कॅचच्या व्हेरिएबलचं नाव इग्नोअर्ड किंवा एक्स्पेक्टेड असेल तर हा नियम डिफॉल्टने सोडून देतो, ते चांगलं आहे, राहू द्या, मुद्दाम सोडलेलं एक्सेप्शन वाचणाऱ्याला नावावरूनच कळतं. दुसरी सेटिंग अलाऊकमेंटेडब्लॉक्स, ती डिफॉल्टने बंद असते आणि ती बंदच ठेवा. चालू केली की "होऊ शकत नाही" अशी कॉमेंट टाकलेले सगळे कॅच यादीतून बाहेर पडतात, आणि माझ्या मते नेमके तेच कॅच आधी वाचायला हवेत.

स्पॉटबग्ज हे बायटकोडवर (कंपाइल झालेल्या कोडवर) चालतं, जुन्या फाइंडबग्जचा वारसदार, त्यामुळे आधी बिल्ड व्हावा लागतो. त्याच्याकडे एक्सेप्शन दुर्लक्षिलं गेल्याची शंका दाखवणारा डीई-माइट-इग्नोअर आहे आणि आरईसी-कॅच-एक्सेप्शन आहे. दुसरा जरा हुशार आहे, ट्रायच्या आतला कोड मुळात चेक्ड एक्सेप्शन म्हणून एक्सेप्शन क्लास फेकतच नाही आणि तरी तुम्ही एक्सेप्शन पकडताय, म्हणजे नकळत सगळी रनटाइम एक्सेप्शन्सही पकडली जाताहेत, असं तो दाखवतो. आपल्या वरच्या उदाहरणातला घाईतला फिक्स इथेच सापडू शकतो.

सोनारक्यूब (कोडचा दर्जा तपासणारा सर्व्हर) असेल तर एस२१४२ आणि एस२१३९ हे दोन नियम चालू आहेत का ते क्वालिटी प्रोफाइलमध्ये जाऊन स्वतः बघा, असतीलच असं धरून चालू नका. एस२१४२ हा इंटरप्टेडएक्सेप्शनसाठी. वर्कर थ्रेड व्हाइल लूपमध्ये स्लीप करतोय, शटडाउननाऊ (थांबायचा आदेश) आलं, स्लीपमधून इंटरप्टेडएक्सेप्शन उडालं, ते उडताना थ्रेडचा इंटरप्ट फ्लॅग पुसला गेला, कॅचने नुसतं लॉग केलं आणि लूप परत फिरायला लागला. आता हा थ्रेड थांबत नाही. कुबरनेटीजवर (कंटेनर चालवणाऱ्या सिस्टिमवर) याचं लक्षण म्हणजे प्रत्येक डिप्लॉयमेंटला जुना पॉड (सर्व्हिसची चालू प्रत) टर्मिनेटिंगमध्ये पूर्ण ग्रेस पीरियड बसून राहतो, डिफॉल्ट ३० सेकंद, आणि मग मारला जातो, आणि मध्येच मारला गेल्यामुळे अर्धवट काम मागे राहतं. उपाय दोनच, एकतर एक्सेप्शन वर जाऊ द्या, किंवा कॅचमध्ये करंट थ्रेडवर इंटरप्ट परत कॉल करून लूपमधून बाहेर पडा. एस२१३९ उलट्या आजारासाठी आहे, लॉगही करायचं आणि परत फेकायचंही. चार लेयर असले की एकच एरर लॉगमध्ये चार वेळा दिसते, अलर्ट चौपट वाजतात, आणि मग लोक अलर्टकडे बघायचंच सोडतात.

सिक्युरिटीवाल्यांना पटवायचं असेल तर सीडब्ल्यूई या सॉफ्टवेअरमधल्या कमतरतांच्या यादीतले ३९० आणि ३९६ हे आकडे सांगा, पहिला एरर लक्षात येऊन काहीच न केल्याचा, दुसरा सरसकट कॅचचा. टीमला वेळ मंजूर करून घ्यायला याची मदत होते.

रिकामा नसलेला कॅच

आता अवघड भाग. रिकामे कॅच टीमने साफ केले, डॅशबोर्ड हिरवा झाला, आणि दोन महिन्यांनी तोच प्रॉब्लेम परत. का, तर टूलने टोकलं म्हणून प्रत्येक रिकाम्या कॅचमध्ये एकेक लॉगची ओळ टाकली गेली. नियमाच्या दृष्टीने ब्लॉक रिकामा नाही, वॉर्निंग गेली. वागणूक मात्र जशीच्या तशी.

टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली ओएसडीआय या सिस्टिम सॉफ्टवेअरच्या परिषदेत एक पेपर मांडला होता, कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या पाच सिस्टिममधले १९८ फेल्युअर त्यांनी एकेक करून उकलले. त्यात ज्या फेल्युअरने अख्खी सिस्टिम किंवा बहुतेक युझर आडवे झाले, त्यातल्या ९२ टक्क्यांचं कारण होतं चुकीचं एरर हँडलिंग, आणि तेही अशा एररचं जी सॉफ्टवेअरने स्वतः उघडपणे कळवलेली होती आणि जी मुळात जीवघेणी नव्हती. अशा मोठ्या फेल्युअरपैकी ३५ टक्के तर अगदी ढोबळ चुकांमुळे: हँडलर रिकामा किंवा त्यात नुसता लॉग, सरसकट पकडून अख्खी प्रोसेस बंद करणं, आणि हँडलरमध्ये "नंतर करू" असं टूडू लिहून ठेवलेलं. या तीन गोष्टी शोधायला त्यांनी अ‍ॅस्पिरेटर नावाचं साधं स्टॅटिक चेकर लिहिलं आणि नऊ सिस्टिमवर चालवलं, त्यातून १४३ बग आणि वाईट सवयी डेव्हलपरांनी मान्य केल्या किंवा दुरुस्त केल्या. जगभर वापरात असलेल्या, अनुभवी लोकांनी लिहिलेल्या कोडमध्ये. तेव्हा आपल्याकडे नसतील असं समजायला काही आधार नाही. आणि बघा, त्यांनी "नुसता लॉग" हा "रिकामा" याच्याच रांगेत बसवलाय.

हेच आपण पीएमडीत एक्सपाथ (कोडच्या झाडात शोधायची भाषा) नियम लिहून करू शकतो. पीएमडी सातमध्ये कॅचचा नोड कॅचक्लॉज म्हणून येतो. मी लावतो ती अट शब्दांत सांगायची तर: असा कॅचक्लॉज ज्याच्या आत कुठेही थ्रोस्टेटमेंट नाही, आणि कॅचचं व्हेरिएबल कुठल्याही कॉलच्या अर्ग्युमेंटलिस्टमध्ये थेट गेलेलं नाही. थेट हा शब्द महत्त्वाचा. लॉगरला मेसेज आणि त्यामागे अख्खं एक्सेप्शन दिलं तर ते अर्ग्युमेंट म्हणून थेट जातं, चालेल. पण मेसेजला अधिक चिन्हाने गेटमेसेज जोडलं तर व्हेरिएबल थेट जात नाही, त्याच्यावर मेथड कॉल होतो, तो पकडला जातो. वरचं "प्रोसेसिंग एरर: नल" इथूनच येतं, जावा १५ च्या आधी नलपॉइंटरएक्सेप्शनचा गेटमेसेज बहुतेकदा नलच असायचा, नंतर मदत करणारे मेसेज डिफॉल्टने चालू झाले, तरी स्टॅकट्रेस तर गेलाच. नियम लिहिताना पीएमडी डिझायनर उघडून ठेवा, कोड टाकला की झाड समोर दिसतं आणि एक्सपाथ कुठे जुळतोय ते लगेच कळतं, त्याशिवाय अंदाजाने लिहायला गेलात तर दिवस जाईल.

दुसरा नियम याहून अरुंद पण माझ्या दृष्टीने जास्त मोलाचा: ज्या मेथडवर ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनोटेशन आहे आणि तिच्या आत थ्रो नसलेला कॅच आहे, त्या सगळ्यांची यादी. ही यादी लहान येते, आणि तिच्यातली जवळजवळ प्रत्येक नोंद माणसाने बसून वाचण्यासारखी असते. जोडीला हेही लक्षात ठेवा की स्प्रिंग डिफॉल्टने फक्त रनटाइमएक्सेप्शन आणि एररवर रोलबॅक करतं, म्हणजे लिहिलेलं मागे घेतं, चेक्ड एक्सेप्शन बाहेर गेलं तरी कमिट होतं, त्यामुळे "मी तर परत फेकलंय" म्हणूनही सुटका नाही, रोलबॅकफॉर दिलंय का तेही बघायचं.

अशा कॅचचं करायचं काय, तर वाचताना एवढंच विचारा की हे एक्सेप्शन आलं तर पुढचा कोड ज्या डेटावर चालणार आहे तो डेटा अजून खरा आहे का, आणि कॉल करणाऱ्याला हे कळायला हवं होतं का. उत्तर "डेटा खरा नाही" असेल तर कॅच काढून टाका, वर जाऊ द्या. आपल्या फाइलच्या जॉबमध्ये म्हणजे प्रत्येक ओळ वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये, रिक्वायर्सन्यू लावून, आणि ती मेथड वेगळ्या बीनमध्ये (स्प्रिंगने सांभाळलेल्या ऑब्जेक्टमध्ये) ठेवून, कारण त्याच क्लासमधून कॉल केली तर कॉल प्रॉक्सीतून (स्प्रिंगने मध्ये बसवलेल्या थरातून) जात नाही आणि नवीन ट्रान्झॅक्शन सुरूच होत नाही. फेल झालेली ओळ, तिचा ओळ क्रमांक आणि कारण एका रिजेक्ट टेबलात. आणि सगळ्यात बाहेर, रन मेथडच्या अगदी वरच्या पातळीवर, एकच कॅच, तो सगळं पकडेल, स्टॅकट्रेससकट लॉग करेल, काउंटर वाढवेल. तिथे सरसकट कॅच योग्यच आहे. त्या एका ठिकाणी टूलला गप्प करायचं असेल तर सप्रेसवॉर्निंग्ज लिहा आणि बाजूला का ते एका वाक्यात लिहा.

पहिल्याच रनमध्ये ढीगभर वॉर्निंग आल्या तर

येणारच. जुन्या प्रोजेक्टवर हे सगळं एकदम चालवलं की आकडा बघून मॅनेजर म्हणतो बंद करा हे, आणि टीममधला उत्साही माणूस म्हणतो मी शनिवार-रविवारी सगळं फिक्स करतो. दोघांचंही ऐकू नका. सरसकट फिक्स तर अजिबात नको, कारण वर्षानुवर्षं गिळलेली एक्सेप्शन्स एकदम मोकळी सोडली की जे फ्लो त्या गिळण्यावरच उभे होते ते कोसळतात, आणि मग सगळंच परत रिव्हर्ट होतं आणि पुढे कोणी हात लावत नाही.

त्याऐवजी जुन्याला आहे तिथे गोठवा आणि नवीन कोडला गेट लावा. सोनारमध्ये न्यू कोडची व्याख्या आहेच, तिच्यावर क्वालिटी गेट लावायचा, पुल रिक्वेस्टमध्ये नवा गिळणारा कॅच आला की बिल्ड पडला पाहिजे. नुसती वॉर्निंग दाखवून उपयोग नाही, वॉर्निंग कोणी वाचत नाही. मग जुन्या ढिगातून पॅकेजनुसार उचला, जिथे पैसे हलतात, जिथे डेटाबेसमध्ये लिहिलं जातं, जिथे शेड्यूलर आणि क्यूचे लिसनर आहेत ते आधी. युटिलिटी क्लासमधला क्लोज करतानाचा कॅच पुढच्या वर्षी बघितला तरी चालेल, आणि खरं तर तो ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये बदलला की आपोआप जातो, क्लोज करताना आलेलं एक्सेप्शन मूळच्याला सप्रेस्ड म्हणून जोडलं जातं, हरवत नाही. जावा ७ पासून ही सोय आहे, आणि तरी हाताने फायनलीत क्लोज करणारा कोड आजही नव्याने लिहिलेला दिसतो, याचं वाईट वाटतं.

टेस्ट फोल्डर वेगळा ठेवा, तिथे नियम वेगळे. पण सोडून मात्र देऊ नका. ट्रायमध्ये कॉल, कॅचमध्ये असर्ट, आणि एक्सेप्शन आलंच नाही तर टेस्ट पास, असा कोड टेस्टमध्ये भरपूर असतो. एरर प्रोन या टूलमध्ये मिसिंगफेल नावाचा तपास यासाठीच आहे. एरर प्रोन कंपाइल होतानाच चालतं, त्यातला फ्यूचररिटर्नव्हॅल्यूइग्नोअर्ड पण चालू ठेवा, एक्झिक्युटरला सबमिट करून मिळालेला फ्यूचर सोडून दिलेली ठिकाणं तो दाखवतो, आणि तिथे कॅच नावालाही नसतो त्यामुळे पीएमडीच्या वरच्या नियमांना ती दिसत नाहीत.

टूलला न दिसणाऱ्या दोन गोष्टी

एक म्हणजे स्प्रिंगची रोलबॅक-ओन्ली वाली एरर. बाहेरच्या ट्रान्झॅक्शनल मेथडने आतल्या बीनची ट्रान्झॅक्शनल मेथड कॉल केली, आतून रनटाइमएक्सेप्शन आलं, बाहेरच्याने ते पकडून गिळलं, पण आतल्या प्रॉक्सीने तोपर्यंत तेच ट्रान्झॅक्शन रोलबॅक-ओन्ली असं खुणावून ठेवलंय. मग सगळं संपल्यावर कमिटच्या वेळी अनएक्स्पेक्टेडरोलबॅकएक्सेप्शन उडतं, आणि त्याच्या स्टॅकट्रेसमध्ये मूळ कारणाचा मागमूस नसतो. ही एरर दिसली की कमिटच्या आसपास शोधत बसू नका, त्या मेथडच्या आतले कॅच वाचा. वरची ट्रान्झॅक्शनल-कॅचवाली यादी तयार असेल तर उत्तर बहुतेकदा तिच्यातच असतं.

दुसरी गोष्ट, लॉगमध्ये नलपॉइंटरएक्सेप्शन आहे पण खाली स्टॅकट्रेसची एकही ओळ नाही, आणि कोड बघितला तर लॉगरला एक्सेप्शन बरोबर दिलेलं आहे. इथे कोणीच गिळलेलं नाही. एकाच ठिकाणाहून तेच एक्सेप्शन खूप वेळा उडालं की हॉटस्पॉट (जावा चालवणारं जेव्हीएम) तो कोड परत कंपाइल करताना स्टॅकट्रेस नसलेलं आधीच बनवलेलं एक्सेप्शन वापरायला लागतं. लॉगमध्ये मागे जा, सर्व्हिस सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही एररना पूर्ण स्टॅकट्रेस सापडेल. लॉग रोटेट होऊन गेले असतील तर ओमिटस्टॅकट्रेसइनफास्टथ्रो हा जेव्हीएम फ्लॅग मायनस चिन्हाने बंद करून चालवा.

फिक्स झाला हे कशावरून

बिल्ड हिरवा झाला म्हणून नाही. टेस्ट एन्व्हायर्नमेंटवर स्वल्पविरामवाली ओळ फाइलच्या मध्यभागी घाला आणि जॉब चालवा. त्या ओळीच्या आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या ओळी टेबलात हव्यात, ती एक ओळ रिजेक्ट टेबलात क्रमांकासकट हवी, तिचं हेडर मागे राहिलेलं नको, लॉगमध्ये नंबरफॉरमॅटएक्सेप्शन ओळीसकट एकदाच हवं, आणि दहा मिनिटांनी पुढची फेरी झालेली दिसली पाहिजे. मग डेटाबेसचं कनेक्शन मध्येच तोडून तेच परत बघा, कारण ओळ खराब असणं आणि डेटाबेस नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. डेटाबेस गेला तर प्रत्येक ओळ रिजेक्ट म्हणून नोंदवायची नाही, फेरी तिथेच थांबवायची आणि फाइल तशीच ठेवायची. हा फरक टूल कधीच सांगणार नाही, तो कोड लिहिणाऱ्यालाच ठरवावा लागतो.

आणि "शेवटची यशस्वी फेरी किती वाजता" हा एक मेट्रिक जरूर लावा, अर्ध्या तासापेक्षा जुना झाला की अलर्ट. लॉगमधल्या एररवर लावलेला अलर्ट एरर लॉग झाली तरच वाजतो, हा मात्र काहीच न झाल्यावरही वाजतो.

पायथन आणि जावास्क्रिप्टवाल्यांसाठी थोडक्यात

पायथनमध्ये नुसतं एक्सेप्ट लिहिलं की कीबोर्डइंटरप्ट आणि सिस्टिमएक्झिटसुद्धा पकडले जातात, स्क्रिप्ट कंट्रोल-सीने थांबत नाही त्याचं हे नेहमीचं कारण. रफ हे कोड तपासणारं टूल वापरत असाल तर ई७२२ डिफॉल्टने चालू असतो पण बाकीचे नाहीत, ते हाताने निवडायला लागतात: बीएलई००१ सरसकट एक्सेप्टसाठी, एस११० एक्सेप्ट-पाससाठी, बी९०४ एक्सेप्टमधून नवीन एक्सेप्शन फेकताना फ्रॉम न दिल्याबद्दल. फायनलीतल्या रिटर्नवर तर पायथन ३.१४ स्वतःच सिंटॅक्सवॉर्निंग देतं.

जावास्क्रिप्टमध्ये ईएसलिंट या तशाच टूलचा नो-एम्प्टी नियम आहे, त्यातला अलाऊएम्प्टीकॅच चालू केलेला नाही ना ते कॉन्फिगमध्ये बघा. पण तिथे खरं गळतं ते कॅचमधून नाही, अवेट विसरलेल्या प्रॉमिसमधून (पुढे मिळणाऱ्या निकालाच्या ऑब्जेक्टमधून). टाइपस्क्रिप्ट असेल तर नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस लावा, त्याला टाइपची माहिती लागते म्हणून लिंट जरा हळू चालतं, तेवढं सोसा. नोड १५ पासून न पकडलेलं प्रॉमिस रिजेक्शन आलं की प्रोसेस डिफॉल्टने पडते. ती पडू नये म्हणून कोणी प्रोसेसवर अनहँडल्डरिजेक्शनचा लिसनर लावून आत नुसता कन्सोल लॉग टाकला असेल, तर सगळ्यात आधी तो शोधा, तो एकच लिसनर अख्ख्या सर्व्हिसमधल्या अशा सगळ्या एरर गिळत असतो.